खालून दिसणारा देश

कोकणात जातात, विदर्भात जातात, खानदेशात जातात. देशावर, म्हणजे सह्याद्रीपलीकडच्या पठारावर, मात्र ‘वर’ जातात. आपल्या बहुतेक मुलखांना ‘त’ लागतो. ‘वर’ लागतो तो घाटाला, माळाला, डोंगराला, गच्चीला आणि या एका देशाला. म्हणजे हा शब्द बोलणारा माणूस कुठे उभा आहे हे तो शब्द स्वतःच सांगून टाकतो. तो खाली आहे.

याच ‘वर’मुळे आमच्या घरात दोन देश कधी एकमेकांत मिसळले नाहीत. ‘देशात पाऊस कमी’ म्हटलं की ती दिल्लीची बातमी. ‘देशावर पाऊस कमी’ म्हटलं की ते आजीचं वाक्य, आणि त्याचा अर्थ यंदा जुन्नरच्या बाजाराला बाजरी महाग. गोंधळ उडायचा तो फक्त बातम्यांच्या भाषेत. ‘देशावर संकट’ असं टीव्हीवर कुणी गंभीर आवाजात म्हणालं की आजी लगेच विचारायची, कुठे, नगरला का पुण्याला? आम्ही हसायचो. तिच्या मराठीत तो प्रश्न अगदी रास्त होता.

माझं माहेर ठाण्यातलं, मूळ गाव मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. तिथे अंगणात उभं राहिलं की पूर्वेला आभाळाआधी डोंगराची भिंत दिसते. त्या भिंतीवर जे काही आहे ते सगळं देश. भिंत चढली की गाव कुठलं, तालुका कुठला, याच्याशी आजीला फारसं देणंघेणं नव्हतं. जुन्नर देश, नगर देश, पंढरपूर देश. लांबचा एक भाऊ सोलापूरला बदलून गेला तर तोही देशावर गेला. तिच्या देशाला पूर्वेकडची हद्दच नव्हती. हद्द फक्त एका बाजूला, ती म्हणजे समोरचा कडा.

भूगोलाचं पुस्तकही फार वेगळं सांगत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेलं पठार, त्याची पश्चिमेची कड म्हणजे सह्याद्री, आणि तिथून गोदावरी, भीमा, कृष्णा पाठ फिरवून पूर्वेला निघालेल्या. नाणेघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की हे पुस्तकाशिवाय कळतं. एका पायाशी कोसळणारा कडा आणि खाली मुरबाडची भातखाचरं, दुसऱ्या बाजूला जुन्नरकडे सपाट पसरत गेलेली जमीन. इकडे पडलेलं पाणी उल्हासच्या खोऱ्यातून आमच्या बाजूने अरबी समुद्राला मिळतं. पलीकडे काही पावलांवर पडलेलं पाणी कुकडीत, कुकडीतून घोडनदीत, पुढे भीमेत, कृष्णेत, आणि अख्खा दक्षिण भारत ओलांडून बंगालच्या उपसागरात. घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे, वर तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असं गावोगाव सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच वाटेने जुन्नर, पैठणला जायचा. खालून वर जाणाऱ्याने पैसे मोजायचे, ही पद्धत द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्याआधी दोन हजार वर्षं चालू आहे म्हणायची.

संस्कृतात ‘दिश्’ म्हणजे दाखवणे. देश म्हणजे दाखवलेली जागा. या व्युत्पत्तीवर फार इमले बांधू नयेत हे मला कळतं, पण इथे ती इतकी चपखल बसते की मोह आवरत नाही. दाखवायला बोट लागतं आणि बोट दाखवणारा त्या जागेच्या बाहेर असावा लागतो. देश हे नाव पठारावरच्या माणसांनी स्वतःला दिलेलं नाही, ते खालच्यांनी त्यांना दिलं, असं माझं मत आहे. आणि ते मत पुस्तकांत नाही, सासरी तयार झालं.

माझं लग्न ठरलं ते साताऱ्याकडच्या खटाव तालुक्यातल्या घरात. आईने नातेवाइकांना फोन करून सांगितलं, ‘पोरगी देशावर दिली.’ ऐकणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. एवढी लांब? पाण्याचे हाल असतील ना? मासे मिळतील का? प्रत्यक्षात सासर कोपरखैरण्याला. ठाण्याहून वाशीची लोकल धरायची, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. चढ म्हणाल तर फक्त पुलाच्या पायऱ्यांचा. पण आईच्या लेखी देश ही जमीन नव्हतीच, माणसं होती. ती माणसं खाडीकाठी सिडकोच्या घरात राहिली तरी देशावरचीच. भाकरी ज्वारीची का तांदळाची, कालवणात नारळ का शेंगदाण्याचं कूट, पाहुण्याला आधी पाणी देतात का पाणी आणि गूळ, यावरून ती देश ओळखायची.

सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. आबा माथाडी कामगार. आधी मुंबईत दाणाबंदरला, मग बाजार इकडे आल्यावर वाशीच्या धान्य मार्केटात. त्यांच्या टोळीतले बहुतेक सातारा-सांगलीकडचे. हे काही योगायोगाने झालेलं नाही. ज्यांनी माथाडींची संघटना बांधली ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. 1969 चा माथाडी कायदा झाला तो त्या चळवळीतून. एकाने गावातला दुसरा आणला, दुसऱ्याने मेव्हणा आणला. कोपरखैरणे आणि घणसोलीच्या काही सेक्टरांत संध्याकाळी फिरलात तर कानावर पडणारी मराठी ठाण्याची नसते. ‘हितं बस की’, ‘जाऊ द्या वो’, ‘काय बी बोलतोस’. आजीचा देश कड्यावरून उतरून इथे भाड्याने राहायला आलाय, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं.

पण त्या देशात ‘देश’ हा शब्दच नव्हता. आबांच्या तोंडून तो मी एकदाही ऐकला नाही. ते म्हणतात ‘गावाकडं’, ‘आमच्याकडं’, फार तर ‘वर’. आणि ‘वर’ म्हणतात ते इथे खाली राहायला लागल्यापासून. गावात बसलेला त्यांचा भाऊ ‘वर’ म्हणत नाही, तो मुंबईला ‘खाली’ म्हणतो. एकदा मी आबांना सरळ विचारलं, तुमचा भाग म्हणजे देश ना? ते म्हणाले, ‘आमचा खटाव. पलीकडं माण, त्यो माणदेश. आमी माणदेशातबी धरतो सवतःला, कुनी इचारलं तर.’ मग पाटण? ‘ते डोंगरातले. भातवाले. त्यांचं येगळं.’ कराड? ‘उसाचं. बागायतदार लोक.’ फलटण निराळं, वाई निराळी, जेजुरीकडचं कऱ्हेपठार निराळं. एका जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी ते मला अर्धा डझन मुलूख दाखवून गेले आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव लागेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

जुनी नावं पाहिली तर हेच दिसतं. भीमथडी, जिच्या तट्टांचं मराठ्यांच्या फौजेत नाव होतं. गंगथडी, म्हणजे गोदावरीकाठ, कारण वरच्यांची गंगा गोदावरी. मावळ, म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू. हे शेवटचं नाव मला फार आवडतं. त्यात चढ-उताराचा विचारच नाही. पठारावरच्या माणसाला सह्याद्री भिंत म्हणून दिसत नाही. तो त्याच्या मावळतीला हळूहळू उंचावत जाणारा डोंगराळ भाग असतो. भिंत फक्त आम्हाला दिसते.

धान्याच्या बाबतीतही तसंच. आबांना घेऊन एकदा मार्केटला गेले होते, त्यांच्या निवृत्तीनंतर. गाळ्यासमोर ज्वारीच्या गोण्यांची थप्पी होती. व्यापाऱ्याच्या माणसाने टोकदार लोखंडी नळी गोणीत खुपसून मूठभर दाणे काढले आणि आबांच्या तळहातावर ओतले, जुनी ओळख म्हणून. आबांनी दाणे बोटाने पसरले, एक दाताखाली धरला, कट्‌ आवाज ऐकला. मग उरलेल्यांवर फुंकर मारली. ‘मंगळवेढ्याचा शाळू. काळ्या रानातला.’ माणूस हसला आणि मान हलवली. पुढची गोणी. ‘ह्यो बार्शीकडचा. पण भिजलाय काढणीला.’ टपोऱ्या मोत्यासारख्या दाण्याच्या टोकाला किंचित काळपट ठिपका होता, तो मला त्यांनी नखाने दाखवल्यावर दिसला. मंगळवेढा ते बार्शी ही दोन गावं एकाच सोलापूर जिल्ह्यातली, आजीच्या हिशेबी दोन्ही देश. आबांच्या जिभेवर ती दोन वेगळी रानं. त्यांच्या मानेच्या मागे, जिथे शंभर-शंभर किलोच्या गोण्या टेकल्या, तिथे अजून कातडी जाड आणि काळी आहे. ते म्हणतात, सांगलीच्या हळदीची गोणी आणि ज्वारीची गोणी वजनाला एक असली तरी पाठीला एक नसते.

मग देशस्थांचं काय, असा प्रश्न चांगल्या वाचकाला पडलाच असेल. ते तर स्वतःला देशाचे म्हणवतात! खरं आहे. पण समोर कोकणस्थ आल्याशिवाय देशस्थ म्हणून सांगायची वेळ किती येत असेल? 1713 साली श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद मिळालं आणि त्यांच्यामागोमाग कोकणातली घराणी घाट चढून पुण्या-साताऱ्यात आली. शेजारी नवा भाडेकरू आला की आपण जुने रहिवासी होतो, त्यातला प्रकार. आज हा शब्द मुख्यतः विवाह मंडळांच्या अर्जात उरलाय, शाखा आणि गोत्राच्या रकान्यांच्या मध्ये.

आणि देशमुख, देशपांडे? त्यांचा देश आणखी तिसराच. परगण्याचा मुख्य तो देशमुख, परगण्याचा हिशेब लिहिणारा तो देशपांडे. इथे देश म्हणजे काही गावांचा जुडगा, एवढाच. तेव्हा एका माणसाला एकाच वेळी देशावरचा, देशस्थ आणि देशपांडे असता यायचं आणि तिन्ही देशांची मापं वेगळी असायची. मग एकोणिसाव्या-विसाव्या शतकात चौथा, सगळ्यात मोठा देश आला, हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा, आणि त्याने बाकीच्यांना गिळलं. देशभक्त म्हटल्यावर आता कुणाला मंगळवेढ्याचं काळं रान आठवत नाही. खानदेश आणि माणदेश जोडशब्दाला चिकटून राहिले म्हणून वाचले. नुसता सुटा देश वाचला नाही.

त्याच्या जागी जे आलं ते मला मुळीच पटत नाही. पश्चिम महाराष्ट्र! पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर म्हणजे म्हणे पश्चिम महाराष्ट्र. नकाशा समोर धरा. सोलापूर पश्चिमेला? आणि मग ज्याच्या पायाशी समुद्र आहे ते कोकण कुठे गेलं? महाराष्ट्राच्या पश्चिमेच्याही पश्चिमेला? 1994 साली वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा तर कमालच झाली. एक विदर्भाचं, एक मराठवाड्याचं आणि तिसरं ‘उर्वरित महाराष्ट्रा’चं. त्या उर्वरितात देश आणि कोकण एकाच पोत्यात. ज्या पठाराने राज्याला साखर कारखाने, मुख्यमंत्री आणि दुष्काळ तिन्ही भरपूर दिले, ते कागदोपत्री उरलेलं.

जुन्या कागदांत मात्र दोघांची नीट फारकत आहे. इ. स. 634 च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचं वर्णन आहे. त्यात तो 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचं लिहिलंय, आणि कोकणातल्या मौर्यांना हरवल्याचं, पुरी नगरी घेतल्याचं वेगळं लिहिलंय. म्हणजे तेव्हा महाराष्ट्र म्हणजे वरचा भाग आणि कोकण ही दुसरी गोष्ट. पुढे आमच्या ठाण्याचे शिलाहार स्वतःच्या राज्याला चौदाशे गावांचं कोकण म्हणत. 1017 सालचा अरिकेसरीचा ताम्रपट ठाण्यातच सापडला. चौदाशे विरुद्ध नव्व्याण्णव हजार! खालच्यांना वरच्या मुलखाकडे मान वर करून का बघावं लागलं, ते या आकड्यांवरूनही कळतं.

आज मात्र गंमत उलटी आहे. आबा कागदोपत्री कोकणातले आहेत. महसूल विभाग कोकण, त्याचं मुख्यालय बेलापूरचं कोकण भवन. माझ्या नवऱ्याने म्हाडाच्या घरासाठी अर्ज केला तो कोकण मंडळाकडे. तो मतदान करतो कोकण पदवीधर मतदारसंघात. ज्याच्या घरी माशाला हात लावायला सासूबाई अजून नाक मुरडतात तो माणूस सरकारी दृष्टीने पक्का कोकणी.

आणि तरी कॉलेजात त्याला घाटी म्हणत. या शब्दाबद्दल थोडं कडवट लिहावं लागेल. कोकणात घाटी म्हणजे डोंगरातली चढाची पाऊलवाट, निरुपद्रवी शब्द. घाटावरून आलेला तोही घाटी, इथपर्यंतही ठीक. पण मुंबईच्या गोद्यांत, गिरण्यांत घाटावरची माणसं अंगमेहनतीला आली आणि शब्दाला त्यांच्या घामाचा वास चिकटवला गेला, तोही घाम न गाळणाऱ्यांकडून. पुढे अमराठी तोंडी घाटी म्हणजे कुठलाही मराठी माणूस, मालवणचा असला तरी. नवऱ्याला घाटी म्हणणाऱ्यांत एक मुलगा माझ्याच तालुक्यातला होता. बाहेरचे त्यालाही तेच म्हणत असणार. आमच्या बाजूचेही काही कमी नाहीत, पण ‘कोकण्या’ या शिवीला तेवढी धार कधी आली नाही, हे मान्य करावं लागेल.

जाता जाता ‘देशी’चंही. हिंदीत देसी तूप, देसी अंडी, देसी कोंबडी, सगळं भारी. आमच्याकडे तोच मान ‘गावठी’ला. गावठी अंडी, गावठी कोथिंबीर. देशी फक्त गाय आणि दारू. त्यातही दारू देशी असली तर सरकारमान्य आणि गावठी असली तर पोलीस येतात. ठाण्यात ‘देश’ हे अक्षर सार्वजनिक पाटीवर सगळ्यात ठळक कुठे वाचायला मिळतं ते त्या दुकानांवर. असो.

लोकलच्या नकाशाकडे मी हल्ली वेगळ्या नजरेने बघते. ठाण्याहून पुढे गाड्या जातात त्या कर्जत-खोपोलीला आणि कसाऱ्याला. तिथे थांबतात. लोकल घाट चढत नाही. 1853 साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, बोरघाट चढायला 1863 उजाडलं आणि थळघाट चढायला 1865. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. अजूनही लांबच्या गाड्यांना ढकलायला कर्जत आणि कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात. म्हणजे मुंबई उपनगरी रेल्वेने दीडशे वर्षांत आजीची हद्द एका स्टेशनानेही ओलांडलेली नाही. जिथे लोकल संपते तिथे देश सुरू होतो, एवढी स्वच्छ सीमा कुठल्याच सरकारी कागदावर नाही.

रस्त्याने मात्र ती पुसली जातेय. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्यातलं, भिवंडीजवळचं. नंतर एका लग्नाला नाशिकला त्या रस्त्याने गेलो, आई बरोबर होती. कसाऱ्याजवळ जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा लागतो. आत शिरताना खाली, बाहेर पडल्यावर जवळजवळ वर. वळणं नाहीत, कानात दडे बसणं नाही, माकडं नाहीत, उलटीच्या पिशव्या नाहीत. इगतपुरीची पाटी गेल्यावर आईने आवळा सुपारीची पुडी काढली आणि विचारलं, घाट लागायला किती वेळ आहे? लागून गेला म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. फुकट काढली पुडी, असं म्हणून तिने ती सगळ्यांत वाटून टाकली.

गेल्या जूनमध्ये आई आमच्याकडे राहायला आली होती. नवी मुंबईत पावसाने दाणादाण उडवलेली, तुर्भ्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद. आणि आबा रोज सकाळी आठच्या सुमारास खटावला भावाला फोन लावायचे. ठाण्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खटाव-माणला त्याच्या पाचव्या हिश्शाची मारामार. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. इकडे खिडकीवर पाणी आपटतंय आणि आबा मोठ्याने विचारतायत, ‘पडला का? न्हाई? ढग बी न्हाईत?’ फोन ठेवल्यावर आई सहानुभूतीने म्हणाली, ‘देशावर अजून पाऊस नाही वाटतं, व्याही.’

आबा चिडले नाहीत, पण दुरुस्ती केल्याशिवाय राहिले नाहीत. ‘देशावर कुठला, विहीणबाई. खटावात न्हाई. पाटणला धो धो लागलाय, म्हाबळेसराला तर इचारूच नका.’

‘तेच ते,’ आई म्हणाली. ‘वरच ना सगळं?’